जुन्या वॅगनआरची पीयूसी निघत नाही, सीओ जास्त येतोय, सातारा-सांगलीकरांनी सांगा काय बघावं

अजिंक्यवाट

नमस्कार मंडळी. गाडी वॅगनआर, २००८ची, एमएच-११, पेट्रोल, गॅस किट वगैरे काही नाही. वडिलांनी घेतलेली, कास, सज्जनगड, कोल्हापूर, सगळीकडं हीच फिरली. २०२३ला पंधरा वर्षं झाली तेव्हा ५००० फी भरून आरसी रिन्यू केली, पर्यावरण कर वेगळा भरला, म्हणजे गाडी ठेवायची हे घरात ठरलेलंच आहे. आता पीयूसी संपली म्हणून गेलो तर नापास. स्लिपवर आकडे असे:

सीओ (कार्बन मोनॉक्साईड) १.९२ टक्के (पाहिजे ०.५ च्या आत)
एचसी (न जळलेलं पेट्रोल) ४१८ पीपीएम (पाहिजे ७५० च्या आत)

पीयूसीवाल्यानं रेस देऊन, थांबून परत नळी घातली तरी आकडा तिथंच घुटमळतोय. मग गोडोलीच्या बाजूला एका गॅरेजला दाखवली तर तो म्हणाला कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाईपमधला धूर शुद्ध करणारा भाग, कॅट) गेला, अख्खा बदला, आणि सांगितलेली रक्कम ऐकून मी गाडी घेऊन सरळ घरी आलो. गाडी चालते छान, मिसिंग नाही, धूर दिसत नाही, फक्त अॅव्हरेज कमी झालंय असं वाटतं आणि सकाळी सायलेन्सरच्या मागं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. कागद मिळवणं एवढंच नको आहे मला, गाडी खरंच नीट करायची आहे. कुठून सुरुवात करू?

झटपटकाम

एवढं कशाला डोकं लावताय राव, नंबर प्लेटचा फोटो पाठवला की घरबसल्या काढून देणारे आहेत. विचारा जरा आजूबाजूला, मिळेल.

प्रीतिसंगम_कराड

कृपा करून असले सल्ले देऊ नका. त्यांनी वर स्पष्ट लिहिलंय की गाडी नीट करायची आहे. आणि ज्या गाडीचा सीओ मर्यादेच्या चौपट येतोय ती गाडी खोट्या कागदावर गावात फिरवायची, मागं दुचाकीवर लहान पोरं बसलेली असतात, सिग्नलला त्यांचं तोंड बरोबर आपल्या सायलेन्सरच्या उंचीला येतं. पोवई नाक्यावर संध्याकाळी उभं राहून बघा एकदा. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो.

नियमवाचक

फोटो पाठवून पीयूसी हा प्रकार बेकायदा आहे एवढं बोलून तो विषय संपवू या.

नियम थोडक्यात सांगतो म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ११५. नवीन गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही, नंतर कायम लागते. बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या सरकारी निकषांचे टप्पे) आणि त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची मिळते, बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षाची. पेट्रोल चारचाकीच्या मर्यादा अशा आहेत: बीएस-२ च्या आधीच्या गाड्यांना सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५, एचसी ७५०. बीएस-४ ला सीओ ०.३ आणि एचसी २००, शिवाय त्यांची रेस वाढवूनही चाचणी होते, साधारण २५०० आरपीएमला, त्यात सीओ ०.२ च्या आत लागतो आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या आसपास लागतो.

आपल्याकडं एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पुणे आणि सोलापूर या शहरांना नवे निकष आधी लागू झाले, सातारा-सांगलीला उशिरा. बीएस-३ देशभर २०१० ला आलं, बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला. म्हणून एकाच वर्षाची, एकाच मॉडेलची एमएच-१२ ची गाडी आणि एमएच-११ ची गाडी वेगवेगळ्या निकषाची असू शकते. पीयूसीवाल्याच्या कॉम्प्युटरला वाहन पोर्टलवर जे नोंदवलंय तेच दिसतं. आरसीवर काय लिहिलंय ते बघून घ्या. तुमच्या २००८च्या गाडीला ०.५ आणि ७५० बरोबर आहे.

शंभरफुटी_फिटर

भावा स्लिप टाकलीस ते लई बरं केलंस. निम्मं काम तिथंच झालं. लोक येत्यात आणि म्हणत्यात "पीयूसीत बसत नाही", आकडा विचारला की म्हाईत नाही.

सांगलीत शंभर फुटी रोडला काम करतो, पेट्रोल गाड्याच जास्त. तुझे आकडे बघून सांगतो. सीओ जास्त म्हंजे पेट्रोल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतीय, गाडी रिच चालतीय. एचसी तसा मर्यादेत हाय म्हंजे प्लग पेटतोय, मिसिंग नाही, कॉम्प्रेशन बरं असणार. उलटं असतं, सीओ कमी आणि एचसी हजार-दीड हजार, तर मी प्लग, वायर, टॅपेट, टायमिंग, इकडं गेलो असतो. दोन्ही जास्त असतं तर अजून वेगळं.

आता कॅटचं. कॅट बदलून हे सुटणार नाही असं माझं मत. कॅटमधी सीओ जळून कार्बन डायऑक्साईड व्हायला ऑक्सिजन लागतो. इंजिनातून गाडी येवढी रिच येत असंल तर एक्झॉस्टमधी ऑक्सिजनच शिल्लक राहत नाही, मग कॅट नवा कोरा असला तरी करणार काय? उलट नवा कॅट त्याच रिच गाडीला लावला तर तो पण तापून खराब हुईल. आधी इंजिन सुधारायचं, कॅटचं शेवटी बघायचं. जुना कॅट काढून गॅरेजवाल्याला देऊ नको, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात त्याला चांगला भाव हाय. कंपनीचा जुना कॅट बऱ्याच वेळा बाजारातल्या स्वस्त नव्या कॅटपेक्षा बरा असतो.

तीन प्रश्न विचारतो, उत्तर दे:
१. गाडी अर्धा तास चालवल्यावर टेम्परेचरचा काटा कुठं असतो?
२. हीटर लावला तर गरम हवा येते का, का कोमट?
३. मागं कधी गाडी गरम झालेली का? झाली असंल तर कुणी काय केलं?

अजिंक्यवाट

फिटर दादा, तुमचे प्रश्न वाचून आज मुद्दाम वाढे फाट्यापासून हायवेनं नागठाण्यापर्यंत जाऊन आलो आणि बघितलं. काटा अगदी खालच्या रेघेच्या जरा वर, कधी मध्यापर्यंत येतच नाही, मी आजवर समजत होतो की गाडी थंड राहते म्हणजे चांगलंच आहे. हीटर कोमट. आणि हो, तीनेक वर्षांपूर्वी पुण्याहून येताना खंबाटकीत गरम झाली होती, तेव्हा वडिलांनी तिथल्याच जवळच्या एका मेकॅनिककडून काम करून घेतलं, काय केलं ते त्यांना नीट आठवत नाही, "आतला वॉल काढला, आता कधी गरम होणार नाही" असं काहीतरी तो म्हणाला होता.

शंभरफुटी_फिटर

सापडलं बघ. थर्मोस्टॅट काढून टाकलाय. आपल्या भागात हे इतकं चालतं की निम्म्या जुन्या गाड्यांत तो नसतोच. गाडी गरम झाली की काढा थर्मोस्टॅट, पाणी मोकळं फिरू द्या. गिऱ्हाईक पण खूष, काटा खाली.

पण इंजेक्शनच्या गाडीत त्याचं काय हुतं बघ. थर्मोस्टॅट साधारण ८२ डिग्रीला उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. तो नसला की थंड पाणी सारखं रेडिएटरमधनं फिरत राहतं, हायवेला वारा लागला की इंजिन पन्नास-साठ डिग्रीच्या वर जातच नाही. कूलंट टेम्परेचर सेन्सर ईसीएमला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) सांगतो "इंजिन थंड हाय". थंड इंजिनाला पेट्रोल जादा द्यायचं हे ईसीएममधी लिहिलेलंच असतं, जुन्या कार्ब्युरेटर गाडीत आपण चोक ओढायचो तेच काम. म्हंजे तुझी गाडी तीन वर्षं अर्धा चोक ओढूनच चाललीय. अॅव्हरेज कमी, सीओ जास्त, डोळे चुरचुरणं, सगळं तिथनंच. ऑइलमधी पण पेट्रोल उतरत असणार, डिपस्टिक काढून वास घे, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलायचंच.

आता एक लक्षात ठेव, नुसता थर्मोस्टॅट बसवून गाडी घेऊन जाऊ नको. त्या येळी गाडी गरम झालेली कशानं? रेडिएटर चोकअप असंल, फॅन चालू हुत नसंल, नायतर कॅपचं रबर गेलं असंल. ते कारण अजून तिथंच असणार, थर्मोस्टॅट नसल्यामुळं झाकून राहिलंय. आधी रेडिएटर काढून रॉडिंग (आतल्या नळ्या सळईनं साफ करणं) करून घे, फॅन किती तापल्यावर सुरू हुतो ते बघ, कॅप नवी टाक, मग थर्मोस्टॅट. आणि पाण्याऐवजी कूलंट भर. बोअरचं पाणी घालून घालून आत क्षार धरत्यात, आमच्याकडं कुपवाड-मिरजेच्या बोअरचं पाणी वापरलेल्या गाड्यांची रेडिएटरं उघडली की पांढरा थर निघतो.

मिरजेची_सिस्टर

फिटर दादांनी गाडीचं सांगितलं, मी माणसांचं सांगते. मी इथं मिरजेत हॉस्पिटलला आहे. सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साईड, याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरतात ते न जळलेल्या पेट्रोलमुळं आणि बाकीच्या वायूंमुळं, सीओ तर कळतही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पट घट्ट चिकटतो, मग अंगाला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, झोप आल्यासारखं वाटणं अशी सुरुवात होते. लोकांना वाटतं गाडी लागली.

अजिंक्यवाट, तुमच्या गाडीचा सायलेन्सर आणि पुढचा पाईप कुठं फुटलाय का ते आधी बघा. मागचं दार नीट बसत नसेल, त्याचं रबर गेलं असेल तर धूर आत ओढला जातो. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर हे दुरुस्त होईपर्यंत लांबचा प्रवास काचा बंद करून करू नका. आणि बंद शेडमध्ये गाडी चालू करून "तापू दे" म्हणून ठेवणं तर अजिबात नको, थंडीत खूप जण करतात हे.

स्लिप म्हणजे गाडीचा रक्ताचा रिपोर्ट समजा. रिपोर्ट न वाचता कुणी ऑपरेशन सांगितलं तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडं जातोच ना?

वाई_घाटावरचा

याच विषयावर माझं पण विचारून घेतो. माझ्याकडं १९९७ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली, कॅट वगैरे नाही. वाईत घर आणि महाबळेश्वरला काम, त्यामुळं रोज पसरणीचा घाट. वर गेल्यावर पेट्रोलचा वास येतो, खाली आलं की बरी चालते. पीयूसीला सीओ ३.४ आला, मर्यादा ३. स्क्रू फिरवून बसेल का?

शंभरफुटी_फिटर

बसंल. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास, वाई त्याच्या निम्म्यापेक्षा जरा जास्त. वर हवा विरळ, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच सोडतो, म्हणून वर गाडी रिच हुते. कार्ब्युरेटर उघडून साफ कर, फ्लोटची लेव्हल बघ, नीडल वॉल्व्ह झिजला असंल तर बदल, चोकची वायर ढिली करून झडप पूर्ण उघडतीय का ते डोळ्यानं बघ. मग प्लगचा गॅप, टॅपेट, टायमिंग. हे सगळं झाल्यावर शेवटी आयडल मिक्श्चरचा स्क्रू, गरम इंजिनावर, थोडा थोडा आत घ्यायचा, इंजिन थरथरायला लागलं की जरा मागं सोडायचा. सुरुवातच स्क्रूनं केली तर सीओ खाली येतो पण गाडी पिकअप घेत नाही आणि लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन मिसिंग मारली की एचसी वर जातो.

सेटिंग वाईत करून घे, वर नको. वर सेट केली तर खाली आल्यावर लीन हुईल, घाट चढताना गरम हुईल.

पलूसचा_शेतकरी

ई२० चा पण परिणाम असतो ना? आमच्या भागातल्या कारखान्यांतच इथेनॉल तयार होतंय, २०२५ पर्यंत सगळ्या पंपांवर २० टक्के झालं. माझ्या जुन्या गाडीचा पेट्रोल पाईप फुगून मऊ पडला होता.

शंभरफुटी_फिटर

हाय की. इथेनॉलमधी ऑक्सिजन असतो म्हणून सीओ त्यानं उलट थोडा कमीच हुतो. पण जुन्या रबराला ते मानवत नाही, कार्ब्युरेटरच्या गाडीत पाईप, डायफ्रॅम, फ्लोटची सीलं बघत राहायची. टाकीतला जुना गाळ पण सुटतो आणि फिल्टरमधी येऊन बसतो, मग फिल्टर चोक. आणि इथेनॉल पाणी धरतं, त्यामुळं गाडी महिनोन्महिने उभी राहणार असंल तर टाकी अर्धी ठेवू नको. पेट्रोलचा पाईप फुगलेला दिसला की त्याच दिवशी बदलायचा, तिथं आग लागायचा धोका असतो.

झटपटकाम

बरं ते फोटोचं राहू दे. पण सायलेन्सरच्या जोडाला जरा ढिलं केलं की बाहेरची हवा आत जाते आणि आकडा खाली येतो, हे तर सगळेच करतात.

प्रीतिसंगम_कराड

आणि विष तेवढंच बाहेर पडतं. वर मिरजेच्या ताईंनी काय लिहिलंय ते वाचा, ढिल्या जोडातून तो धूर गाडीतच येणार, आत आपलीच माणसं बसलेली असतात.

नियमवाचक

शिवाय बऱ्याच मशीनवर सीओ आणि एचसी सोबत कार्बन डायऑक्साईड आणि ऑक्सिजन पण दिसतो. बाहेरची हवा मिसळली की कार्बन डायऑक्साईड पडतो आणि ऑक्सिजन चढतो, बघणाऱ्याला लगेच कळतं. त्यामुळंच पुढचा पाईप फुटलेल्या गाडीचे आकडेही खरे नसतात, चांगले आले तरी. पीयूसीला नळी पण पुरेशी आत जायला हवी, नुसती तोंडाशी धरली तर हवाच मोजली जाते.

दंडाचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. आपल्याकडं पेट्रोल चारचाकीची पीयूसी १२५ रुपयांत होते, डिझेलची १५० मध्ये. जास्त मागत असतील तर विचारा कशाचे.

आयर्विन_कट्टा

एक वेगळा मुद्दा. २०१९च्या पुरात आमच्या गल्लीत गाड्या बुडाल्या, माझी पण. इन्शुरन्समधून दुरुस्त झाली, चालायला लागली. पण पुढं पीयूसीला सीओ कधी ०.२ तर कधी २ च्या वर, एकाच दिवसात. सेन्सर बदलले तरी तेच. शेवटी एका इलेक्ट्रिशियननं वायरिंगचे कनेक्टर एकेक सुटे केले तर आत हिरवी बुरशी धरल्यासारखी पितळेची पुटं. ऑक्सिजन सेन्सरचा (धुरातला ऑक्सिजन बघून ईसीएमला सांगतो तो) कनेक्टर आणि इंजिनाची अर्थ वायर, दोन्ही साफ करून नव्या पिना टाकल्या आणि आकडा स्थिर झाला. सांगली-मिरजेकडची सेकंडहँड गाडी कुणी घेत असेल तर कार्पेट उचलून बघाच, आणि आकडा सारखा बदलत असेल तर सेन्सर घ्यायच्या आधी कनेक्टर आणि अर्थ बघा.

शंभरफुटी_फिटर

शंभर टक्के बरोबर. पुरातल्या गाड्यांनी आम्हाला लई शिकवलं.

अजिंक्यवाट

अपडेट देतो, लांब आहे, पण पुढं कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहितो.

एमआयडीसीकडच्या एका मेकॅनिककडं गेलो, धागा त्यांना मोबाईलवर वाचून दाखवला, त्यांनी काही वाईट वाटून घेतलं नाही, उलट म्हणाले चला उघडू या. हाउसिंग उघडलं तर थर्मोस्टॅट नाहीच, नुसती पोकळ जागा. रेडिएटरमधून गंजलेलं लाल पाणी निघालं. रॉडिंग केलं, कॅप बदलली, फॅन चालू होता पण त्याच्या कनेक्टरला गंज होता तो साफ केला. थर्मोस्टॅट आणि गास्केट मिळून हजाराच्या आत झालं. कूलंट भरून हवा काढली, कारण हवा राहिली तर काटा उगाच वर-खाली होतो असं ते म्हणाले. डिपस्टिकला पेट्रोलचा वास होताच, ऑइल आणि फिल्टर बदललं. एअर फिल्टर काढला तर उसाच्या हंगामातली सगळी धूळ त्यात, तोही नवा.

काटा आता मध्याच्या जरा खाली येऊन थांबतो. हीटर चांगला गरम. पण पीयूसीला सीओ ०.९४. निम्म्यावर आला पण बसला नाही. तोवर मला वाटत होतं झालं काम.

मग मल्टिमीटर लावून ऑक्सिजन सेन्सर बघितला. इंजिन गरम असताना त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सारखं वर-खाली नाचायला हवं, माझं ०.२ च्या आसपास झोपलेलं. म्हणजे सेन्सर ईसीएमला सांगतोय "गाडी लीन आहे, पेट्रोल वाढव", आणि स्लिप सांगतेय गाडी रिच आहे. मी लगेच सेन्सर मागवायला निघालो होतो पण मेकॅनिक म्हणाले थांबा, आणि थंड गाडी चालू करून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर काढणाऱ्या पाईपच्या) जोडाजवळ हात फिरवला, तिथं फुसफुस लागत होती. गास्केट फाटलेलं. सेन्सरच्या आधीच बाहेरची हवा आत ओढली जातेय, सेन्सरला ऑक्सिजन दिसतोय, म्हणून तो लीन सांगतोय. गास्केट बदललं, नट गंजलेले होते त्यात अर्धा दिवस गेला. त्यानंतर व्होल्टेज हलायला लागलं पण फार सावकाश, म्हणून सेन्सरही बदलला. सगळ्यात मोठा खर्च त्याचाच.

त्यानंतर गाडी हायवेला शेंद्र्याच्या पुढं नेऊन वीसेक मिनिटं चौथ्या गिअरला जरा चढ्या रेसवर चालवली आणि बंद न करता थेट पीयूसीला. सीओ ०.१७, एचसी ९६. कॅट जुनाच, कंपनीचा. सर्टिफिकेट मिळालं. सगळा खर्च धरूनही कॅटसाठी सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याच्या आत बसलो, आणि वडील म्हणतात पिकअप पण सुधारलाय.

सगळ्यांचे मनापासून आभार, फिटर दादांचे विशेष.

शंभरफुटी_फिटर

झकास. त्या मेकॅनिकला सांग माझा नमस्कार, गास्केट बघून मग सेन्सरला हात घातला, असा माणूस सोडू नको.

हायवेचं एक सांगतो सगळ्यांना. कॅट अडीचशे-तीनशे डिग्री झाला की कामाला लागतो. गल्लीतनं पीयूसी सेंटरला गेला आणि तिथं रांगेत गाडी बंद करून अर्धा तास थांबला तर कॅट थंड, आकडा वाढलेला. सेंटरवाल्याला आधी फोन कर, गर्दी नसंल तेव्हा गरम गाडी घेऊन जा. ह्यात फसवणूक काही नाही, चाचणी गरम इंजिनावरच करायची असते.

प्रीतिसंगम_कराड

मोबाईलवर जोडायचा तो ब्लूटूथ स्कॅनर आहे माझ्याकडं, २०१४च्या गाडीला चालतो. असल्या जुन्या गाडीला चालला असता का, म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज त्यात दिसलं असतं.

नियमवाचक

ओबीडी, म्हणजे गाडीतला बिघाड स्कॅनरला सांगणारी यंत्रणा, आपल्याकडं बीएस-४ सोबत सक्तीचं झालं. २००८च्या गाडीला तो साधा स्कॅनर बहुतेक बोलणार नाही. मल्टिमीटरच बरा.

तासगाव_डिझेल

आमच्या डिझेलवाल्यांचं पण कुणीतरी सांगा. बोलेरो, बीएस-३, रेस दिली की काळा धूर. पीयूसीवाला पूर्ण रेस मारतो तेव्हा माझा जीव खाली-वर होतो.

शंभरफुटी_फिटर

डिझेलला सीओ-एचसी नाही, धुराची दाटी मोजत्यात. गाडी न्यूट्रलला, रेस एकदम पूर्ण दाबायची, सोडायची, असं चार-पाच वेळा, आणि सरासरी. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५ च्या आत लागतं, बीएस-४ ला १.६२. ऑइल किमान ६० डिग्री गरम पाहिजे, थंड गाडीवर करू देऊ नको.

काळा धूर म्हंजे हवा कमी नायतर डिझेल जादा. क्रम असा धर. एअर फिल्टर. मग टर्बोचा पाईप कुठं फाटलाय का, क्लिप ढिली हाय का, हाताला ऑइल लागंल तिथं. मग ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) काजळीनं भरून उघडा अडकलाय का. मग नोझल काढून टेस्ट बेंचला लाव, डिझेल फवाऱ्यासारखं आलं पाहिजे, धार लागली तर नोझल गेला. पंपाला हात शेवटी. पंपाचं सील तोडून कुणी पिकअपसाठी डिझेल वाढवून ठेवलंय का ते बघ, सेकंडहँड गाडीत हे हमखास असतं.

निळा धूर असंल तर ती वेगळी गोष्ट, ऑइल जळतंय. पांढरा आणि कूलंट कमी हुत असंल तर हेड गास्केट.

पूर्ण रेसला घाबरतोस ते बरोबर हाय. पीयूसीच्या आधी ऑइलची लेव्हल बघ, आणि ज्यांच्या डिझेल गाडीत टायमिंग बेल्ट हाय त्यांनी तो कधी बदललाय ते तपासा. जुना बेल्ट त्या रेसला तुटला तर वॉल्व्ह वाकत्यात, मग इंजिनच खोलावं लागतं.

तासगाव_डिझेल

टर्बोचा पाईप आत्ता बघितला, खालच्या वळणाला ऑइल लागलेलं आहे आणि क्लिपजवळ बारीक चीर दिसतेय. तो बदलून परत आकडा टाकतो इथंच. पाईप कंपनीचाच घ्यावा का बाजारातला चालेल?

शंभरफुटी_फिटर

कंपनीचाच घे. बाजारातला उन्हाळ्यात मऊ पडून फुगतो. क्लिपा पण नव्या टाक, जुन्या परत आवळू नको.